एक एक्झॉन ठेवला की गाळला: स्प्लायसिंगची प्रथिनं, मेंदूतली जाळी आणि वागणूक

पेशीवाचक (धागाकर्ती)

शेजारच्या धाग्यावर "स्वमग्नतेचं जनुक सापडलं", "भाषेचं जनुक सापडलं" अशा वाक्यांची रेलचेल झाली आहे. तिथे वाद घालत बसण्यापेक्षा वेगळा धागा काढते. जनुक आणि वागणूक यांच्यामध्ये बरंच काही घडतं. त्यातला मला सगळ्यात विलक्षण वाटणारा टप्पा म्हणजे आरएनएचं स्प्लायसिंग. लांबण लागणार आहे, निवांत वाचा.

थोडी उजळणी. डीएनएवरून निघणारी आरएनएची पहिली प्रत कच्ची असते. तिच्यातले नको असलेले तुकडे, म्हणजे इंट्रॉन, गाळायचे आणि ठेवायचे तुकडे, म्हणजे एक्झॉन, एकमेकांना जोडायचे, मग ती प्रथिन बनवायला लायक होते. या कापाजोडीलाच स्प्लायसिंग म्हणतात. १९७७ मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी एका विषाणूत हे पाहिलं, १९९३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पुढे कळलं की जोडणी दर वेळी सारखी नसते. माणसाच्या अनेक एक्झॉन असलेल्या जनुकांपैकी सुमारे ९५ टक्के जनुकांतून एकाहून जास्त प्रकारचे आरएनए निघतात, आणि या खेळात मेंदू बाकीच्या अवयवांच्या पुढे आहे.

कापाकापीचं यंत्र, म्हणजे स्प्लायसिओसोम, सगळ्या पेशींत असतं. कोणता एक्झॉन ठेवायचा आणि कोणता वगळायचा हे मात्र वेगळी प्रथिनं ठरवतात: नोव्हा, आरबीफॉक्स, पीटीबी, एसएलएम-२, एसआरआरएम-४ आणि अशी कितीतरी. यातली बरीचशी आरएनएवरची एखादी छोटी अक्षरओळ (आरएनए ज्या रासायनिक घटकांचा बनतो, ती त्याची अक्षरं) ओळखून तिथे चिकटतात. नोव्हाबाबत तर जागेला फार महत्त्व आहे. ते एक्झॉनच्या पुढच्या इंट्रॉनमध्ये बसलं तर एक्झॉन सहसा टिकतो, अलीकडच्या इंट्रॉनमध्ये बसलं तर गळतो. प्रथिन तेच, पण बसण्याची जागा बदलली की परिणाम उलटा.

नोव्हाचा शोध लागला तो रुग्णांमुळे. काही कर्करोगग्रस्तांचा, त्यात स्तनाच्या कर्करोगाच्या बायका बऱ्याच, अचानक तोल जाऊ लागे आणि डोळे सैरावैरा फिरू लागत, काही केल्या थांबत नसत. एरवी फक्त चेतापेशींत असणारं एक प्रथिन त्यांच्या गाठीतही बनत होतं. रोगप्रतिकारशक्ती गाठीवर तुटून पडली आणि तोच रोख मेंदूकडे वळला. या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं वापरून रॉबर्ट डार्नेल आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ते प्रथिन शोधलं, तेच नोव्हा-१. २००० साली नोव्हा-१ नसलेले उंदीर तयार झाले. त्यांच्यात ग्लायसीन आणि गाबा या दोन्हींच्या ग्राहकांचं, म्हणजे पेशीवर ही रसायनं पकडणाऱ्या प्रथिनांचं, स्प्लायसिंग बिघडलेलं निघालं. चेतापेशींच्या सक्रियतेला आवर घालणारी मुख्य रसायनं हीच दोन. तोल आणि डोळ्यांवरचा ताबा सुटण्याचं चित्र इथे थोडं जुळू लागतं.

आता ज्यासाठी धागा काढला ते. मधल्या जाळ्याकडे, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या चेतापेशींकडे, न बघता प्रथिनाकडून थेट वागणुकीवर उडी मारली की फसगत होते. आरबीफॉक्स-१ घ्या. मेंदूतून ते काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूची ठेवण ढोबळमानाने ठीक होती, पण उंदरांना आपोआप फिट्स येत. हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतला स्मृतीशी संबंधित भाग) डेंटेट गायरस या भागातल्या पेशी जास्त उत्तेजित होत होत्या. म्हणजे मेंदूची बांधणी नीट, पण जाळ्याचा समतोल ढळलेला.

दुसरं उदाहरण एसएलएम-२ चं, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये पीटर शायफेले यांच्या गटात झालेलं, २०१६ चं. स्प्लायसिंगची प्रथिनं म्हटली की शेकडो आरएनएंवर परिणाम अपेक्षित असतो. एसएलएम-२ ची यादी मात्र अगदी मोजकी निघाली, आणि तीही मुख्यतः सिनॅप्सवरच्या, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यावरच्या, प्रथिनांची. या सांध्यावर न्युरेक्सिन-१ नावाचं प्रथिन असतं, समोरच्या पेशीशी कुणाशी जमवायचं यात त्याचा हात असतो. एसएलएम-२ नसलं की न्युरेक्सिन-१ मध्ये एक एक्झॉन नको तिथे राहून जातो. या उंदरांत सिनॅप्सची लवचिकता (वापरानुसार सांधा बळकट किंवा दुबळा होण्याची क्षमता) बिघडली, वागणूकही बदलली. मग संशोधकांनी एसएलएम-२ परत न देता तो एकच एक्झॉन जनुकातून काढून टाकला. लवचिकता सुधारली आणि वागणूकही!

एका एक्झॉनची दुरुस्ती वागणुकीपर्यंत पोचावी, हे वाचून मी तो लेख पुन्हा पहिल्यापासून वाचला होता. बोला आता.

---

नवखा_वाचक

सुंदर धागा ताई. एक बाळबोध शंका. चेतापेशीच्या प्रत्येक प्रकारात हीच प्रथिनं असतात की वेगवेगळी? सगळीकडे सारखीच असतील तर जाळ्याच्या एका भागात बिघाड आणि दुसऱ्यात नाही, असं कसं होतं?

---

पेशीवाचक

बाळबोध कसली, हीच कळीची शंका आहे. वेगवेगळी असतात, प्रमाणही वेगळं असतं. नोव्हा-१ मेंदूच्या खालच्या भागात आणि मेरुरज्जूत जास्त, नोव्हा-२ मेंदूच्या वरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये, जास्त. लघुमेंदूतून आरबीफॉक्स-२ काढलं तर उंदरांच्या हालचालींचा मेळ बिघडतो. त्यामुळे "अमुक प्रथिन बिघडलं" एवढं पुरत नाही. कोणत्या पेशीत, हे आधी विचारायचं.

---

फळमाशीवाला

ताईंनी उंदरांवरच सगळी भिस्त ठेवली, माशीवर अन्याय झाला. स्प्लायसिंग आणि वागणूक यांचा सगळ्यात स्वच्छ पुरावा फळमाशीकडे आहे.

फ्रूटलेस नावाचं जनुक. नर आणि मादी दोघांतही त्याचा आरएनए निघतो. मादीत ट्रान्सफॉर्मर हे प्रथिन असतं, ते स्प्लायसिंगची जागा बदलायला लावतं आणि त्या आरएनएपासून नरातलं पूर्ण प्रथिन बनत नाही. नरात ट्रान्सफॉर्मर कामाचं नसतं, म्हणून नराची आवृत्ती बनते, तीही सुमारे २,००० चेतापेशींत.

नराचं प्रियाराधन बघण्यासारखं असतं. आधी मादीकडे तोंड करून उभा राहतो, तिच्या मागे मागे फिरतो, पुढच्या पायाने टपली मारतो, मग एकच पंख आडवा पसरून थरथरवतो. ते त्याचं गाणं. २००५ मध्ये डेमिर आणि डिक्सन यांनी माद्यांच्या फ्रूटलेस जनुकात बदल करून त्यांना नराचंच स्प्लायसिंग करायला भाग पाडलं. त्या माद्या इतर माद्यांच्या मागे लागल्या, टपली मारू लागल्या, पंख थरथरवू लागल्या. उलट, ज्या नरांना मादीचं स्प्लायसिंग दिलं ते प्रियाराधनात थंड पडले. बाकी शरीर जसंच्या तसं.

जाळ्याच्या मुद्द्यासाठी पुढची पायरी महत्त्वाची आहे. २००८ मध्ये क्लाइन आणि मीझेनबॉक यांनी साध्या माद्यांमधल्या याच पेशी प्रकाशाने चेतवल्या, तर माद्याही पंख पसरून गाऊ लागल्या. त्यांचं गाणं नरासारखं सुरेल नव्हतं, पण गायल्या! म्हणजे गाण्याचं जाळं मादीतही होतंच, ते एरवी गप्प असतं. स्प्लायसिंगने नवं जाळं शून्यातून उभं केलं नाही. असलेल्या जाळ्याची जुळणी बदलली आणि ते केव्हा चालू होईल हे बदललं.

---

तिरकस

म्हणजे आमची इतकी वर्षं मागे मागे फिरण्यात गेली ती एका एक्झॉनपायी. आता दोष कुणाला द्यायचा ते तरी कळलं.

---

चौकस_काकू

तिरकस, तुमच्या बाबतीत ट्रान्सफॉर्मरच जळलेला असेल. असो.

पेशीवाचक, लेख आवडला, पण तुमचा एसएलएम-२ चा प्रयोग ऐकून लोक "एक एक्झॉन दुरुस्त करा, वागणूक दुरुस्त होईल" असं म्हणत सुटतील. तो प्रयोग अपवाद आहे. तुमच्याच नोव्हाचं उलट उदाहरण आहे, ते तुम्ही गाळलंत.

नोव्हा-१ आणि नोव्हा-२ दोन्ही नसलेले उंदीर लुळे जन्मतात. स्नायू आणि मज्जातंतू जिथे भेटतात तिथे स्नायूच्या बाजूला ग्राहकांचा पुंजका जमावा लागतो. तो जमायला अ‍ॅग्रिन या प्रथिनाची चेतापेशीतली खास आवृत्ती लागते आणि ती नोव्हावर अवलंबून असते. संशोधकांना वाटलं, मिळाली किल्ली. तीच आवृत्ती मज्जातंतूंना बाहेरून पुरवली. पुंजके छान जमले, सांधा दिसायला जवळजवळ नेहमीसारखा झाला. उंदीर मात्र लुळेच राहिले. मागे आणखी एक दोष दडला होता, हालचालीच्या चेतापेशींच्या स्पंदनातच. तो पहिल्या दोषाआड झाकला गेला होता. २००९ चं काम आहे हे.

दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की दिसतं. ज्या प्रथिनाचं काम मोजक्या आरएनएंपुरतं, तिथे एका दुरुस्तीने भागू शकतं. जे शेकडो ठिकाणी ढवळाढवळ करतं, तिथे एक भोक बुजवलं की दुसरं उघडं पडतं.

---

पेशीवाचक

काकू, हे उदाहरण मूळ लेखात हवंच होतं, तिथे जोडते. त्याला लागूनच एक गुंता टाकते.

वर आरबीफॉक्स-१ च्या फिट्सबद्दल लिहिलं आहे. साहजिकच सगळे स्प्लायसिंगच्या चुका शोधायला लागले, आणि तशा चुका सापडल्याही. पण २०१८ मध्ये एक वेगळीच गोष्ट पुढे आली. आरबीफॉक्स-१ च्या स्वतःच्या आरएनएचं दोन प्रकारे स्प्लायसिंग होतं. एका प्रकारचं प्रथिन केंद्रकात राहून स्प्लायसिंग करतं, दुसरं केंद्रकाबाहेर जातं आणि तयार आरएनएंना टिकवून धरतं. या दुसऱ्या प्रकारावर अवलंबून असणाऱ्यांपैकी एक म्हणजे व्हॅम्प-१, आणि ते मुख्यतः दमनकारी, म्हणजे इतर चेतापेशींना शांत करणाऱ्या, पेशींत लागतं, त्यांचं रसायन सिनॅप्समध्ये सोडण्यासाठी. आरबीफॉक्स-१ गेलं की व्हॅम्प-१ घटतं, दमनकारी पेशींची पकड ढिली होते. व्हॅम्प-१ परत दिल्यावर सिनॅप्सवरचा बिघाड सुधारला.

म्हणजे "स्प्लायसिंगचं प्रथिन" या पाटीवरही पूर्ण विश्वास टाकायचा नाही. त्याचे जोडधंदे असतात.

---

मृगजळ

वाचतोय. सूक्ष्म-एक्झॉनांबद्दल कुणीतरी लिहा ना, मागे कुठेतरी ओझरतं वाचलं होतं.

---

चौकस_काकू

मी लिहिते, माझा आवडता विषय.

साधारण एक्झॉन शंभर-दीडशे अक्षरांचा असतो. सूक्ष्म-एक्झॉन ३ ते २७ अक्षरांचे. तीन अक्षरांचा असेल तर प्रथिनात एकच अमिनो आम्ल वाढणार. लिहिण्यात काना-मात्रा जसा, तसा हा प्रकार: जागा इवलीशी, पण अर्थ फिरतो. त्यातले बरेचसे चेतापेशींतच ठेवले जातात, आणि ते प्रथिनाच्या पृष्ठभागावर अशा ठिकाणी येतात जिथे दुसरं प्रथिन येऊन चिकटतं. त्यामुळे कोण कुणाशी जोडलं जाणार हेच बदलतं.

ते ठेवण्यामागे मुख्य हात एसआरआरएम-४ चा. टोरांटोच्या बेंजामिन ब्लेंको यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की स्वमग्न व्यक्तींच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंपैकी बऱ्याच मेंदूंत सूक्ष्म-एक्झॉन कमी प्रमाणात घेतले गेले होते आणि एसआरआरएम-४ ही कमी होतं. मग २०१६ मध्ये त्यांनी हे प्रथिन निम्म्यावर आणलेले उंदीर तपासले. पूर्ण काढलं तर बहुतेक पिल्लं जन्मल्यावर लगेच दगावतात, म्हणून निम्मं. त्या उंदरांची इतर उंदरांशी वागण्याची पद्धत बदलली, सिनॅप्सही बदलले.

अवांतर: ब्रॉन्क्स वॉल्ट्झर नावाची उंदरांची एक जुनी जात आहे, बहिरी आणि गोल गोल फिरणारी. खूप उशिरा कळलं की दोष याच एसआरआरएम-४ मध्ये आहे. कानातल्या केसपेशी जगत नाहीत, म्हणून ऐकूही येत नाही आणि तोलही जातो. बघा, इथे वागणूक विचित्र आहे, पण तिचं मूळ मेंदूच्या जाळ्यात शोधत बसलो असतो तर हाती काही लागलं नसतं.

---

डॉ_निशिगंध

मेंदूविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात रोज बसणारा माणूस म्हणून दोन हरकती.

पहिली, मृत्यूनंतरच्या मेंदूत काही कमी दिसलं म्हणून ते कारण ठरत नाही. आयुष्यभराची औषधं, फिट्स, मृत्यूची पद्धत, सगळ्याचा ठसा आरएनएवर उमटतो. काकूंनी सांगितलेल्या २०१६ च्या कामातच हेही आहे की चेतापेशींची सक्रियता वाढवली तर एसआरआरएम-४ घटतं. म्हणजे बाण उलटाही आहे. जाळं आधी खवळलं आणि त्यामुळे स्प्लायसिंग बदललं, असंही होऊ शकतं.

दुसरी, उंदीर तीन कप्प्यांच्या पेटीत दुसऱ्या उंदराजवळ किती वेळ थांबला यावरून "सामाजिक वागणूक" मोजतात. त्याला स्वमग्नता म्हणणं मला जड जातं. तो उंदीर नीट हुंगू शकत नसेल, घाबरट असेल, नुसता सुस्त असेल. चांगले गट हे सगळं तपासतात, पण बातमीत ते येत नाही.

माणसांतला जास्त भक्कम पुरावा हवा तर मायोटोनिक डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराकडे बघा. एका जनुकात सीटीजी ही तीन अक्षरं भरमसाट वेळा लागोपाठ येतात, दोष १९९२ मध्ये सापडला. त्यातून निघणारा लांबलचक आरएनए केंद्रकात गोळा होतो आणि मसलब्लाइंड नावाची स्प्लायसिंगची प्रथिनं स्वतःकडे अडकवून ठेवतो. ती बिचारी असून नसल्यासारखी. रुग्ण येतो तो मूठ आवळली की सुटत नाही म्हणून. पण घरच्यांची तक्रार पुष्कळदा वेगळी असते: दिवसभर झोपतो, कशातच रस नाही, सांगितलं तरी हलत नाही. लोक त्याला आळस म्हणतात. मसलब्लाइंड-२ नसलेल्या उंदरांतही झोपेचा ढाचा बदलतो, स्वप्नांच्या झोपेकडे कल वाढतो, शिकण्यातही ते मागे पडतात. हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं. इथे आरएनए, प्रथिन, झोप आणि वागणूक अशी साखळी बऱ्यापैकी सलग दिसते. अर्थात उंदराची झोप आणि रुग्णाचा निरुत्साह यांच्यामधल्या कड्या अजून जोडायच्या आहेत.

---

फळमाशीवाला

डॉक्टरांच्या उलट्या बाणाला +१. आणखी एक पुरावा: चेतापेशींत काही आरएनए अर्धवट कापलेले, एखादा इंट्रॉन आत ठेवून, केंद्रकात राखून ठेवलेले असतात. पेशी चेतवली की तो इंट्रॉन काढला जातो आणि आरएनए कामाला लागतो. नवी प्रत काढत बसण्यापेक्षा हे लवकर होतं, लांबलचक जनुकांच्या बाबतीत तर खूपच. तेव्हा स्प्लायसिंग हे जाळ्याचं कारण की परिणाम हा वादच फारसा खरा नाही, दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण चालू असते.

---

नवखा_वाचक

आणि ते "भाषेचं जनुक"? बातमीत नोव्हा-१ चंच नाव होतं ना?

---

पेशीवाचक

हो, तेच. आजच्या जवळपास सगळ्या माणसांच्या नोव्हा-१ मध्ये १९७ व्या जागी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आहे. निअँडरथल, डेनिसोव्हन (दोन्ही लुप्त मानवजाती) आणि इतर प्राण्यांत तिथे आयसोल्युसिन आहे. डार्नेल यांच्या गटाने उंदरांना माणसाचा प्रकार दिला, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. आईपासून दूर केलेल्या पिल्लांचे आवाज बदलले, मोठ्या नरांचे मादीला बघून काढलेले आवाजही बदलले. निष्कर्ष एवढाच. उंदीर बोलू लागले नाहीत.

याच जागेवर आधी वाद झालेला आहे. २०२१ मध्ये आलिसन मुओत्री यांच्या गटाने माणसाच्या मूलपेशींत जुना प्रकार घालून मेंदूचे लघुगोळे (प्रयोगशाळेतले मेंदूसारखे पेशींचे गोळे) वाढवले आणि त्यांची वाढ व स्पंदनं वेगळी दिसतात असं मांडलं. त्यावर दुसऱ्या संशोधकांनी आक्षेप घेतला की संपादन करताना त्या जागी जनुकाची एक प्रत गळाली असण्याची शक्यता आहे, मग दिसलेला फरक अक्षराचा की प्रत गळाल्याचा? मूळ गटाने उत्तर दिलं आहे. मला स्वतःला उंदरांचं काम जास्त पटतं. पण आवाज बदलण्यामागे मेंदूतलं कोणतं जाळं, हे कळेपर्यंत "भाषेचं जनुक" हा शब्द मी वापरणार नाही.

---

मृगजळ

उपचारांचं काय? एवढं सगळं कळलंय तर औषध?

---

डॉ_निशिगंध

स्प्लायसिंग वळवणारं औषध वापरात आहे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारासाठी नुसिनर्सेन, अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर. पाठीच्या कण्यातून देतात. एसएमएन-२ जनुकातला सातवा एक्झॉन सहसा गळतो, तो या औषधाने टिकतो. तो आजार हालचालीच्या चेतापेशींचा, त्यामुळे तुमच्या जाळ्याच्या गप्पांत थेट बसत नाही.

जाळ्याच्या दृष्टीने ड्राव्हे सिंड्रोम बघा. लहान मुलांतला अपस्माराचा वाईट प्रकार, बहुतेकांत एससीएन-१ए जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी. हे जनुक सोडियमची वाहिनी बनवतं, म्हणजे पेशी चेतवायला मदत करणारं. ते निम्मं झालं तर मेंदू शांत व्हायला हवा, आणि इथे झटके येतात! कारण या वाहिनीवर सर्वाधिक विसंबून असतात त्या दमनकारी पेशी. त्या थकल्या की बाकीच्यांना रान मोकळं.

या जनुकात एक विषारी म्हणतात तसा एक्झॉन आहे. तो आत घेतला गेला की तो आरएनए नष्ट केला जातो. तो वगळायला लावणारा, आरएनएला चिकटणारा एक छोटा कृत्रिम तुकडा (अँटिसेन्स) तयार केला आहे, म्हणजे उरलेल्या चांगल्या प्रतीकडून जास्त प्रथिन मिळावं. उंदरांत झटके आणि अचानक मृत्यू दोन्ही घटले. झोरेव्हुनर्सेन हे त्याचं नाव, माणसांतल्या चाचण्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेल्या आहेत. पालक मला विचारतात की झटके थांबले तर बोलणं, शिकणं, वागणं सुधारेल का. चाचण्यांत आता झटक्यांबरोबर त्याचंही मोजमाप ठेवतात.

---

चौकस_काकू

डॉक्टर, वय किती असताना सुरू केलं यावर ते बरंच अवलंबून असेल ना? उंदरांना जन्मल्यावर दोन-चार दिवसांत डोस दिला होता. तोवर जाळी पक्की व्हायची असतात.

---

डॉ_निशिगंध

हो, आणि माणसात निदानच व्हायला पहिला झटका यावा लागतो, म्हणजे साधारण पहिल्या वर्षाच्या आतबाहेर. त्याआधी कुणाला कळणार? जनुकीय तपासणी लवकर झाली तर थोडं आधी पोचता येईल.

---

तिरकस

एवढ्या गंभीर धाग्यात माझं एकच म्हणणं. ती माशी गाते ते ऐकवा कुणीतरी.

---

फळमाशीवाला

ध्वनिमुद्रण असेल तर चढवतो. अगदी जवळ संवेदनशील मायक्रोफोन धरावा लागतो. मादीला तो आवाज डोक्यावरच्या शृंगांच्या (स्पर्शिकांच्या) थरथरीतून कळतो. दोन प्रकार असतात: एक सलग गुणगुणल्यासारखा आणि एक तुटक टकटक. प्रकाशाने गायला लावलेल्या माद्यांची टकटकच चुकत होती.